दोर धरणारीचे पैसे

माझं माहेर जालन्याकडचं, बाप शेळ्यांसाठी बाभळी-सुबाभळी छाटायचा आन् मी खाली राहून फांद्या ओढायची, म्हणून झाडाचं भ्या कधी वाटलं न्हाई. लग्न झालं तशी नवऱ्यासंगं इकडं आले. हे चाकणला कंपनीत ठेकेदाराकडं होते, ब्रेक दिला तो दिलाच, परत काय घेतलं न्हाई, मग आमच्या आळीतले दोघं फांद्या छाटायला जायचे त्यांच्यासंगं जायला लागले आन् पुढं आमी नवराबायकोनं आपलं आपलं काम धरलं. हे वर चढणार, मी खाली दोर धरणार. दोर धरणं म्हंजे काय, तर एक टोक ह्यांच्या कमरेला, मग दोर वरच्या जाड फांदीवरनं घ्यायचा, खाली खोडाला एक येढा द्यायचा आन् दुसरं टोक माझ्या हातात. ते सरकतील तसा सोडायचा, थांबतील तसा आवळायचा, मान वर ती वरच. अख्खा माणूस माझ्या हातावर असतो वो, आन् लोक म्हणत्यात बाई तर नुसती उभी हाय.

सांगवीचं सांगते. बंगल्यातला आंबा, फांद्या शेजाऱ्याच्या पत्र्यावर गेलेल्या, मालक रिटायर साहेब. ह्यांनी सांगितलं चार हजार, दोन माणसं हायती. साहेब म्हणले दोन कुठं, चढणारा एकच, बाईचे कशाचे पैसे, अडीच घ्या. आन् हे खाली बघून व्हय म्हणले. मला असा राग आला, साहेबाचा कमी आन् ह्यांचा जास्त, पण माणूस चढायला लागला की भांडता येत न्हाई. दोर धरला.

दोन फांद्या नीट उतरल्या. तिसरीवर हे पाय देऊन उभे, ती आतनं पोकळ निघाली, कडकन मोडली आन् ह्यांचा पाय सुटला. दोर माझ्या हातातनं सरसर गेला, तळव्याचं कातडं घेऊन गेला, पण सोडला न्हाई, खोडाला पाय लावून मागं रेलले तवा ते अधांतरी लटकले, खाली फरशी होती. हळूहळू खाली घेतलं. साहेब ओट्यावरनं चहाचा कप घेऊन आले, म्हणले काय, शेजारचा पत्रा फुटला का.

काय सांगू तुमाला, तवापातूर मी कुठल्या मालकाम्होरं तोंड उघडलं नव्हतं. म्हणलं साहेब, पत्रा धड हाय, माणूसबी धड हाय, आता माझे पैसे द्या. ते म्हणले ठरलं ते ठरलं. मी दोन्ही हात त्यांच्याम्होरं धरले, रगत गळत होतं, म्हणलं मग उरलेल्या फांद्यांना तुमी चढा, मी फुकट दोर धरते. हे मागनं म्हणत्यात जाऊ दे गं, पुढचं काम मिळायचं न्हाई. म्हणलं तुमी गप बसा. साहेब आत गेले, चार हजार आणले, माझ्या हातात न्हाई दिले, ओट्यावर ठेवले. उचलले मी. हात बरे झाल्यावर जाऊन उरलेलं काम पुरं करून आलो, पैसे घेतले होते.

आता फोन मीच उचलते. आवारातलं साधं झाड असलं तर दीड-दोन हजार, मोठं असून पत्र्यावर आलेलं असलं तर चार-पाच, फांद्या टेम्पोनं न्यायच्या तर त्याचं येगळं, पालिकेची परवानगी तुमची तुमी काढायची. काल तळेगावचे एकजण म्हणले, बाईला आणू नका आन् हजार कमी करा. ठेवून दिला फोन. असली कामं जात्यात हातची, हे कुरकुर करत्यात, करू द्या. गुडघा धरतो त्यांचा आता, तरी चढावं लागतंच, कुणाला सांगायचं. तुमच्या दारचं झाड वाढू दे, तुमच्या लेकराबाळांवर सावली राहू दे, पण छाटायला बोलवाल तवा दोघांना पाणी विचारा आन् दोघांचे पैसे द्या.