जिवंत मामंजींची निधनवार्ता

हसा, हसा, तुमचं काय जातंय! हा दुसरा कप चहा चाललाय, तरी डोकं ठिकाणावर नाही! आणि संपादकबाई म्हणे, "एका ओळीचं काम!" एका ओळीचं?

तुम्हाला सांगतो, आमच्या वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर निधनवार्तांचं पान आहे, आणि त्यात कुणीतरी चुकून बाईंचे सासरेच घातले. फोटोसकट! जिवंत माणूस, चांगला खणखणीत! बाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या, "मामंजींनी घरी थयथयाट मांडलाय, त्यांची तेवढी चौकट काढ." आणि मी अजून नोकरीत कायम नाही हो... कायम करायची सही याच बाईंची!

मग मी काय केलं? पॅटर्न लिहिला. म्हणजे संगणकाला सांगायचं, चौकट सुरू होते तिथून धर, मग काहीही असो, मग मामंजींचं नाव, मग पुन्हा काहीही, आणि चौकट संपली की सोड. चालवला. ढिम्म! का? तर ते 'काहीही' ओळ संपली की थबकतं, खालच्या ओळीत पाय टाकत नाही, आणि मामंजी चांगले चार ओळींत पसरलेले! मागून बाई, "झालं का? एका ओळीचं काम!" घाबरून मी त्याला ओळी ओलांडायची मुभा दिली आणि न तपासताच बटण दाबलं.

पान कोरं! अहो, ते 'काहीही' इतकं हावरं, की त्यानं पहिल्या मयताची चौकट धरली ती थेट शेवटच्या मयतापाशी सोडली... मधले सगळे गिळले! लागले फोन यायला. "आमच्या आजोबांचं निधन कुठे गेलं?" "माझ्या आत्याला का काढलंत? ती खरंच गेलीय हो!" वर मालक, "काय रे, आज कुणीच मेलं नाही?" बाईंचा श्वास मानेवर! एका ओळीचं काम म्हणे... शेवटी त्या पानाची सकाळची जपून ठेवलेली प्रत आठवली. चढवली. सगळे मयत जागच्या जागी परत! मी डोळे मिटून हुश्श केलं...

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. त्यांनी ऐकला आणि माझ्या कानाला लावला. पलीकडे मामंजी, "मघाशी जरा जिवंत झालो होतो, बरं वाटत होतं. परत का मारलंस?"

"काढतो, काढतो, आत्ता काढतो!" माझं ततपप.

"नको रे बाबा! नोकरी टिकवायचीय ना? मग कशाला हात लावू नकोस. पुन्हा सगळ्यांना उठवशील... त्यापेक्षा मी मेलेलाच बरा!"