पुंजाकाकांची पेटी

भिमाबाई : अगं पण सकाळपासून ह्या सरकत्या ओळींकडं काय बघत बसलीस? डोळे फुटतील.

चैताली : आई, कॉम्प्युटरचा गाभा बांधला जातोय. कर्नल म्हणतात त्याला. माऊस, की-बोर्ड, पडदा, सगळ्यांशी ओळख त्याची. फक्त पप्पांची ही बोटांखाली ठिपके उठवणारी ब्रेलची पेटी त्याच्या ओळखीची नाही.

भिमाबाई : जुन्या कॉम्प्युटरला तर होती.

चैताली : तो जळाला. त्यात पुंजाकाकांनी स्वतः सोय करून दिली होती. पेटीही त्यांनी घरीच बनवली. ओझरच्या कारखान्यात फिटर ना ते! असली दुसरी पेटी जगात नाही, मग नव्या कॉम्प्युटरला ती कुठून माहीत असणार? आणि विचारायला आता काका नाहीत. म्हणून मीच ड्रायव्हर लिहिला. म्हणजे पेटी आणि कर्नल यांच्यामधला दुभाष्या समज.

भिमाबाई : मग काल का नाय चाललं?

चैताली : काल फाईल आत ठेवली, पण हिलाही बांधून घे असं सांगायलाच विसरले. सगळं बांधून झालं आणि आमचा दुभाष्या दाराबाहेर उभा!

धम्मपाल : चैतू! झालं का गं? मी हात ठेवून बसलोय पेटीवर!

भिमाबाई : ऐकलंस? कसं ओरडतात. स्वतःचा आवाजसुद्धा कळत नाय त्यांना.

चैताली : होतंय, पप्पा! होतंय!

धम्मपाल : काय?

चैताली : होतंऽऽय!

भिमाबाई : असंच चाललंय माझं. जेवता का, गोळी घेतली का. बाकीचं कसं ओरडून सांगायचं? भिंतीला भिंत लागलेली, अख्खी कॉलनी ऐकती. डोळे त्यांना जन्मापासून नव्हते, त्याचं मला कधीच काय वाटलं नाय बघ. टेलिफोनवरची नोकरी, दिवसभर लोकांशी बोलून यायचे, तरी घरी आल्यावर माझ्याशी लय बोलायचे. आणि आता गंगापूर रोडचे डॉक्टर म्हणतात, उरलाय तेवढा कानही जाणार.

चैताली : म्हणूनच जीव काढतेय ना मी. कान गेले तरी बोटं आहेत. ही पेटी चालली तर... आई! थांब, ही ओळ बघ! गेली बघ वर!

भिमाबाई : पुंजा लिहिलं होतं का तिथं?

चैताली : फाईलला काकांचंच नाव दिलंय मी. आई, हा गाभा जगभरातल्या हजारो माणसांनी मिळून लिहिलाय. एकमेकांची तोंडंही न बघितलेली माणसं. बँकेत हाच चालतो, तुझ्या मोबाईलमध्येही ह्याचंच भावंड आहे. आणि आपल्या घरातल्या ह्या प्रतीत त्या सगळ्यांच्या ओळीत आपले पुंजाकाका जाऊन बसले. बघ, काटा आलाय माझ्या अंगावर.

भिमाबाई : माझ्याबी आला गं. एवढ्या लोकांनी केलेलं, आणि कुणी आडवलं नाय त्यांना?

चैताली : कुणीच नाही. उघडंच ठेवलंय सगळ्यांसाठी. चला, झालं बांधून. बंद करून सुरू करते.

(कॉम्प्युटर पुन्हा सुरू होतो. थोड्या वेळाने पेटीतून बारीक टकटक ऐकू येते.)

धम्मपाल : उठले! ठिपके उठले! भिमा, हात दे तुझा. हे बघ!

भिमाबाई : अगं बाई... मुंग्या चालल्यागत लागतंय. जिवंत झाली की ही!

धम्मपाल : लिही चैतू, काहीतरी लिही! ... हं... थांब. हे काय आहे? ही मराठी नाही. ही कुठलीच भाषा नाही.

भिमाबाई : बिघडली का लगेच?

चैताली : बिघडली असती तर ठिपके उठले नसते. एकेक अक्षर देऊन बघते.

धम्मपाल : हा 'ज'.

चैताली : मी 'ह' दिला होता. आता हे घ्या.

धम्मपाल : 'ग'.

चैताली : हा बरोबर! आणि हे?

धम्मपाल : 'ए'.

चैताली : अरे देवा, 'इ' दिला होता. असं कसं होईल?

धम्मपाल : चैतू, ही अक्षरं कुठून शिकलीस तू?

चैताली : तुमच्याकडून! ब्रेलच्या पाटीवरून! तुम्ही टोच्यानं लिहायचात आणि मी शेजारी बसायचे!

धम्मपाल : पाटीवरून? हा हा हा! अगं वेडे, पाटीत आम्ही कागद मागच्या बाजूनं टोचतो. उजवीकडून डावीकडे, सगळं उलटं. कागद पालटला की ठिपके वर येतात आणि अक्षर सरळ होतं. मी लिहिताना बघितलंस तू, वाचताना माझ्या बोटाखाली काय असतं ते कुठं बघितलंस?

चैताली : आई गं... 'ग' दोन्हीकडून सारखाच, म्हणून तो तेवढा जमला. लहानपणापासून ह्यांचं लिहिणं बघत आले आणि सगळं मागच्या बाजूनं बघितलं मी.

भिमाबाई : मग आता परत सकाळपासून बांधायचं?

चैताली : नाही गं, बदललं तेवढंच बांधलं जातं. डावीकडचे ठिपके उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे... झालं. सुरू करते. पप्पा, हात ठेवा!

धम्मपाल : प... प्... पा. पप्पा! चैतू, 'पप्पा' लिहिलंस! छापल्यासारखं लागतंय बोटांना!

भिमाबाई : अगं, रडतीस काय? सरक तिकडं. मला लिहायचंय. मोबाईलवर लिहिलेलं जाईल का त्यांच्याकडं?

चैताली : जाईल. जोडून देते. लिही तू, मी बघत नाही.

भिमाबाई : बघू नकोसच.

धम्मपाल : आलं, आलं! म... ला... क... र... म... त... ना... य. मला करमत नाय! तु... म... च्या... शी बो... लल्या...

भिमाबाई : अहो! मोठ्यानं काय वाचताय! कॉलनी गोळा होईल. चैताली, सांग ना त्यांना!

चैताली : मी कशाला सांगू? तूच लिही.

धम्मपाल : म... ना... त वा... चा. मनात वाचा. ... बरं, भिमा. मनात वाचतो. तू बोलत राहा.