दीडशे पौंडांचं मशीन

डेस्मंड : ते खेळणं आहे, मिसेस थर्टल. खेळणं! दीडशे पौंडांत मेटल डिटेक्टर येत नाही, त्याचं सोंग येतं. आधी ते मासिक मिटा बघू.

बेरिल : इथे लिहिलंय, नवशिक्यांसाठी उत्तम. जुनी नाणी शोधायला खास.

डेस्मंड : लिहितील नाही तर काय! विकायचं असतं त्यांना. अहो, बावीस वर्षं मी हेच करतोय. जत्रेतली बंदूक घेऊन कुणी शिकारीला जातं का?

ग्लेनिस : शिकारीला कोण निघालंय? तिला एक नाणं हवंय. एकच.

डेस्मंड : माफ करा, आपण कोण?

ग्लेनिस : मी ग्लेनिस. हिची धाकटी बहीण. मार्चमध्ये हिचा नवरा, नेव्हिल, गेला तेव्हापासून इथेच आहे. त्याच्या अंत्यविधीला आला होतास ना, तेव्हा हॅम सँडविच मीच दिली होती तुला. तीन खाल्लीस.

बेरिल : ग्लेनिस, तू मुकाट्यानं घेवडा चीर. डेस्मंड, बस. ती व्हिस्कीची बाटली ठेव खिडकीत. नेव्हिल तिथेच ठेवायचा.

डेस्मंड : दर सप्टेंबरला आणतो, यंदा खंड कशाला पाडा? कापणी झालीय, नुसती धसकटं उभी आहेत. पेरणी होईपर्यंत रान मोकळं. म्हटलं, शेतात मशीन फिरवायचं तुम्हाला विचारून यावं. नेव्हिलशी मी फक्त हात मिळवला होता. कागद नाही की सही नाही. तेवढ्यावर बावीस वर्षं निघाली. का? तर विश्वास. तो पबमध्ये सगळ्यांना सांगायचा, डेस्मंडनं बुजवलेला खड्डा शोधून दाखवा, माझ्याकडून बिअर.

बेरिल : म्हणायचा खरा. कुणी येऊन गेल्याचं कळतसुद्धा नाही, म्हणायचा.

डेस्मंड : बघा! तर आता तुमचा हात.

बेरिल : हाताचं नंतर बघू. आधी मशीनचं सांग. शनिवारच्या आत हवंय मला.

डेस्मंड : शनिवारी काय आहे?

बेरिल : त्याला ऐंशी झाली असती. रक्षा वरच्या फाटकापाशी पुरायचीय, शेताच्या कडेला. आणि सोबत ह्याच शेतातलं एक जुनं नाणं ठेवायचंय. जन्मभर तेवढीच हौस होती रे त्याला. बापानं, आज्यानं हीच माती कसली. त्यांच्याआधी इथे कोण होतं, कुणाच्या खिशातून काय पडलं, ते एकदा हातात धरून बघायचं होतं. तुझी गाडी दिसली की हातातला चहा टाकून बूट चढवायचा. ‘काही लागलं का, डेस्मंड?’ आणि तू बटणं द्यायचास.

डेस्मंड : बटणंच निघाली तर बटणंच देणार ना? सापडेल त्यातलं निम्मं शेतकऱ्याचं, ही आमची रीत. मी तर सगळीच्या सगळी दिली. तुमचं शेत मुकं आहे, मिसेस थर्टल. असतात अशी शेतं, कुणाचा काय दोष.

बेरिल : सगळी बिस्किटांच्या डब्यात आहेत अजून. प्रत्येकाला चिठ्ठी लावलीय त्यानं. कुठल्या सालचं, कुठल्या कोपऱ्यातलं.

ग्लेनिस : तीनशे सहा. बसल्या बसल्या मोजली मी. कप्पाळ माझं! इथे काय शिंप्यांची लढाई झाली होती?

डेस्मंड : हसा, हसा. त्यातलं कळत नाही त्याला हसूच येतं.

बेरिल : बरं, हे पिवळं बघ. नव्वद पौंड. हलकं आहे, माझ्या मनगटाला झेपेल.

डेस्मंड : नव्वदचं? ते समुद्रावर नातवंडांच्या हातात द्यायचं. बिअरच्या डब्याची कडी दिसली की असं बोंबलतं, जसा काही राजाचा खजिना सापडला. दिवसभर कड्या उकराल आणि संध्याकाळी कंबर धरून बसाल.

बेरिल : आणि हे काळं? दीडशेचं. जमिनीवरून फिरवायची थाळी मोठी आहे.

डेस्मंड : थाळी मोठी असून काय उपयोग? अक्कल नको त्यात? माझं मशीन खाली लोखंड आहे, चांदी आहे की शिसं, ते आवाजावरून सांगतं. हे काळं म्हणजे नुसता भोंगा. ऐका माझं, पैसे वाचवा. नेव्हिलबरोबर ठेवायला एखादं छानसं बटण निवडा.

ग्लेनिस : बटण! ऐंशीव्या वाढदिवसाला!

बेरिल : तुमच्या शोधणाऱ्यांच्या क्लबातला क्लाइव्ह त्याचं जुनं मशीन विकतोय. एकशे वीसला देतो म्हणाला. चर्चबाहेर भेटला होता.

डेस्मंड : क्लाइव्हचं? अरे देवा! त्याच्या थाळीला दोनदा चिकटपट्टी लावलीय. मागच्या सहलीत त्या गृहस्थाला स्वतःच्या गाडीची किल्ली सापडेना, मशीन हातात असून! आम्हीच शोधून दिली. असली माणसं क्लबात घेतात कशी, हाच मला प्रश्न आहे.

ग्लेनिस : तुझं केवढ्याचं रे?

डेस्मंड : चौदाशे पौंड. हेडफोनचे वेगळे.

ग्लेनिस : चौदाशेच्या मशीनला बटणं. मग क्लाइव्हच्या मशीनला काय सापडणार, काजं?

डेस्मंड : हे बघा बाई, मशीनला नावं ठेवू नका.

ग्लेनिस : मी कशाला ठेवू? तूच सांगतोयस. बावीस वर्षं, चौदाशे पौंड, एक नाणं नाही. बेरिल, नव्वदवालं घे गं. ह्याच्याहून वाईट तर काही होणार नाही ना? ह्याच्या मशीनला नाण्याचं तोंड तरी माहीत आहे का कुणास ठाऊक!

डेस्मंड : क्लबाचा कप उगाच मिळाला का मला? ‘वर्षातला उत्तम शोध’ म्हणून?

बेरिल : हो, ते खरंय. गावच्या हॉलमध्ये तुमचं प्रदर्शन होतं. नेव्हिल कोट घालून आला होता. तू ती चांदीची पेनी त्याच्या तळहातावर ठेवलीस.

डेस्मंड : आठशे वर्षांची. राजाचा चेहरा असा स्वच्छ की मिशा मोजाव्यात. नदीपलीकडच्या एका शेतातली होती.

बेरिल : घरी आला तो तेच बोलत होता. माशाच्या खवल्यासारखी होती म्हणे. श्वास सोडला तर उडून जाईल म्हणून मी श्वासच धरला, म्हणाला. मग म्हणाला, कुणीतरी नशीबवान शेतकरी आहे बुवा. त्याला हेवा वाटला नव्हता. आनंदच झाला होता.

डेस्मंड : साधा माणूस होता नेव्हिल. फार साधा.

बेरिल : म्हणूनच मला इथलं एक हवंय. खाली ओढ्याकडे सुरुवात करते, विलोच्या झाडांपाशी. तिथे पूर्वी घरं होती असं सासरे सांगायचे.

डेस्मंड : तिथे? तिथे तर मुळीच जाऊ नका!

बेरिल : का?

डेस्मंड : जागोजाग खिळे! जुन्या घरांचं सगळं लोखंड गंजून पडलंय तिथे. तुमचं ते खेळणं नुसतं तडतड तडतड करेल, पापड तळल्यासारखं. क्लाइव्हचं तर रडायलाच लागेल. तिथे कान तयार लागतो आणि मशीन लागतं.

ग्लेनिस : चौदाशेचं.

डेस्मंड : हो, चौदाशेचं! उगाच मोजतात का लोक एवढे पैसे? तिथे मशीनमधली गाळणी बंद करायची, लोखंड, पत्रा, सगळे आवाज येऊ द्यायचे आणि बोटबोट पुढे सरकायचं. तासाला टेबलाएवढी जागा. मग दोन खिळ्यांच्या मधून चांदी बोलते. इतकी बारीक, चिमणीच्या पिल्लाएवढा आवाज. पेनीचा चतकोर! त्या काळी सुटे नसायचे, पेनी कापून चार तुकडे करायचे. करंगळीच्या नखाएवढा तो तुकडा, त्या काळ्या ओल्या मातीत, आठ इंच खाली, आडवा पडलेला. तो ओळखलाय माझ्या मशीननं! एकदा नाही, कितीदा तरी. आणि तुम्ही म्हणता त्याला नाण्याचं तोंड माहीत नाही!

(ग्लेनिसची सुरी थांबते.)

ग्लेनिस : कुठे ओळखलाय?

डेस्मंड : काय?

ग्लेनिस : आत्ता म्हणालास ना, ‘त्या’ मातीत. कुठल्या?

डेस्मंड : तसं नाही. मी आपलं उदाहरण दिलं. सर्वसाधारण.

ग्लेनिस : खिळे, काळी माती, आठ इंच. तुझ्या उदाहरणाला चिखल लागलाय रे.

डेस्मंड : तुम्हाला ह्यातलं काही कळत नाही, म्हणून मी सोपं करून...

बेरिल : किती, डेस्मंड?

डेस्मंड : मिसेस थर्टल, चहा छान झालाय. गार होईल तुमचा.

बेरिल : होऊ दे. विलोंकडे किती सापडली?

डेस्मंड : असं एकदम आकडा कसा सांगणार. वर्षं किती झाली.

बेरिल : सांग.

डेस्मंड : एकोणचाळीस. तुकडे धरून.

ग्लेनिस : आणि बटणं तेवढी सगळीच्या सगळी दिलीस! काय मोठ्या मनाचा माणूस!

डेस्मंड : तुम्ही आधी ऐकून घ्या. मी सांगितलं असतं तर काय झालं असतं? नेव्हिलच्या पोटात तीळ भिजत नव्हता. त्याच दिवशी पबमध्ये बोलला असता. आठवड्यात अख्खं नॉरफोक फावडी घेऊन फाटकात उभं राहिलं असतं. क्लाइव्ह सगळ्यांत पुढे! त्यांनी शेत उकिरड्यासारखं उकरलं असतं. मी जपलं तुमचं शेत. आणि नेव्हिल काय करणार होता त्या नाण्यांचं? बिस्किटांच्या डब्यात ठेवली असती. माझ्याकडे मखमल आहे, खण आहेत, प्रत्येकाला लेबल आहे.

बेरिल : लेबलावर काय लिहिलंयस?

डेस्मंड : म्हणजे?

बेरिल : कुठलं शेत लिहिलंयस?

ग्लेनिस : सांग ना. ‘नदीपलीकडचं’?

डेस्मंड : क्लबात लोक बघतात. खरं नाव लिहून कसं चालेल?

बेरिल : मग ती कपाची पेनी.

डेस्मंड : त्या वेळी मी...

बेरिल : ती आमचीच.

डेस्मंड : मोठी झाडं आहेत ना, त्यातल्या दुसऱ्या विलोच्या पलीकडे. पंधरा पावलांवर.

ग्लेनिस : हरामखोर!

बेरिल : थांब, ग्लेनिस. डेस्मंड, ती त्याच्या हातावर होती. त्याची होती, आणि त्याच्या हातावर होती. तू समोर उभा होतास. आणि तू हात पुढे केलास, परत घ्यायला.

डेस्मंड : पण तो खूश होता, मिसेस थर्टल. तुम्हीच म्हणालात.

बेरिल : होता. तुझे आभार मानून आला तो. हातात धरू दिलीस म्हणून. अरे, तू सगळी नाणी नेली असतीस, कुलूप लावून ठेवली असतीस, तरी मी दोन शिव्या देऊन गप्प बसले असते. पण त्याला तेवढं सांगायचंस रे, ‘नेव्हिल, ही तुझ्या विलोंकडची.’ कानात सांगायचंस. मला लाज वाटते तुझी. दर वर्षी मी तुला केक बांधून द्यायची.

डेस्मंड : मी भरून देतो ना. ती पेनी उद्या सकाळी घेऊन येतो. मग तर तुम्हाला मशीन घ्यायलाच नको. दीडशे पौंड वाचले. काय?

ग्लेनिस : ह्याला अजून हिशेब सुचतोय!

बेरिल : सगळी आण. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस. आणि जुनी लेबलं फाडून नवी लिही, तुझ्याच अक्षरात. थर्टलांचं शेत, विलोंकडचा कोपरा. ती पेनी मी त्याच्याजवळ ठेवणार. आता परत मागायला कुणी हात पुढे करणार नाही.

डेस्मंड : लिहितो. लिहितो ना. आणि... म्हणजे पेरणीच्या आत मी यायचं की...

ग्लेनिस : तोंड बघ ह्याचं! अजून विचारतोय!

बेरिल : तुझी बाटली घेऊन जा ती खिडकीतली. ग्लेनिस, जेवणं झाली की क्लाइव्हला फोन लाव. त्याचं मशीन घेते म्हणावं. आणि शिकवायला ये म्हणावं.

डेस्मंड : क्लाइव्हचं? मिसेस थर्टल, चिकटपट्टीवालं? काही सापडायचं नाही हो त्यानं!

बेरिल : कड्या सापडतील. क्लाइव्ह त्याही दाखवेल मला.

डेस्मंड : बरं. निदान एक तरी करू द्या. शनिवारी फाटकापाशी खड्डा मी खणून देतो. ह्या दिवसांत माती दगडासारखी असते, तुम्हाला दोघींना जमणार नाही. नीट खणेन. नीट बुजवेन.

बेरिल : नको. तू बुजवलास की कुणी येऊन गेल्याचं कळतसुद्धा नाही. नेव्हिलचा कळायला हवा.