तळाच्या नऊ ओळी

टेस्टर : हसू नकोस. विचारलं तेवढं सांग. त्या ओळी मास्तरांच्या मशीनवर अजून आहेत की काढल्यास?

जावई : कुठल्या ओळी?

टेस्टर : साळसूदपणाचा आव माझ्यासमोर आणू नकोस. मास्तर ज्या एडिटरमध्ये कोड लिहितात, त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये तू घुसवल्यास त्या.

जावई : अगं हळू! भिंतींना कान असतात. आहेत की. नऊच्या नऊ आहेत. का?

टेस्टर : मास्तरांनी राजीनामा दिलाय.

जावई : काय सांगतेस! म्हणजे टीमचा प्रमुख आता—

टेस्टर : माणूस का चाललाय ते आधी विचार, खुर्ची मग.

जावई : बरं, का चाललेत?

टेस्टर : त्यांना वाटतंय आपलं डोकं कामातून चाललंय. त्यांच्या वडिलांना विसरण्याचा आजार होता. शेवटी शेवटी पोटच्या पोराला 'आपण कोण?' म्हणून विचारायचे. मास्तरांना वाटतंय, आपल्यालाही तोच लागला. वाटणारच ना! चूक दुरुस्त करून घरी जातात, आणि सकाळी कोड तपासताना मी तीच चूक परत त्यांच्यापुढे ठेवते.

जावई : एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे त्यात? साधी गंमत होती. ते फाइल बंद करतात तेव्हा त्यांची एखादी दुरुस्ती गुपचूप पुसली जाते आणि जुनी चुकलेली ओळ परत येते. तीही रोज नाही. मला वाटलं, दोन दिवसांत पकडतील आणि माझ्या नावाने शंख करतील.

टेस्टर : कसे पकडतील? सोळा वर्षं त्यांनी ती फाइल हाताने घडवलीय. कुठली कळ दाबली की काय व्हावं, कंस चुकला तर कुठल्या रंगात दिसावा, सगळं. तीन नोकऱ्या बदलल्या, मशिनं किती बदलली कोण जाणे, फाइल तीच. ते एक वेळ बायकोवर संशय घेतील, पण त्या फाइलवर नाही घेणार. घेतला तो स्वतःवर.

जावई : त्यांनीच उघडून दाखवली होती मला. म्हणे, बघ, शीक जरा.

टेस्टर : आणि तू हे शिकलास.

जावई : मग त्यांनी काय केलं? अख्ख्या टीमसमोर माझ्या कोडला पोरखेळ म्हणाले.

टेस्टर : होताच तो पोरखेळ. कामाला हात लावायचा नाही, वर मानपान हवा, म्हणून तर सगळं ऑफिस तुला जावई म्हणतं.

जावई : आणि तू गं सती सावित्री? मागच्या मीटिंगमध्ये 'मास्तर, परवाच सांगितलं होतं, विसरलात का?' असं कोण म्हणालं? सगळं माहीत असताना?

टेस्टर : मी म्हणाले.

जावई : सगळे हसले तेव्हा मास्तर वहीत काहीतरी लिहीत होते. आठवतंय?

टेस्टर : विसरल्याची तारीख लिहीत होते. डॉक्टरांना दाखवायला. आज कळलं मला. बस झालं. मी जाऊन सांगते त्यांना.

जावई : जा. साहेबांची केबिनही शेजारीच आहे, एका फेरीत दोन्ही कामं होतील. मला काय, मी सडाफटिंग, उद्या दुसरीकडे चिकटेन. तुझी आई अंथरुणाला खिळलीय. तू कुठे जाशील ते ठरवून मग जा.

टेस्टर : नीच आहेस तू.

जावई : आहे. पण खोटं बोलतोय का? हे बघ, मास्तर जेवायला गेले की मी ओळी काढून टाकतो. चुका थांबतील. चार दिवसांत त्यांना वाटेल, अरे, मी तर ठणठणीत आहे. राजीनामा मागे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

टेस्टर : नक्की मागे घेतील?

जावई : घेणार नाहीत तर काय! नोकरी कोणाला नकोय?

टेस्टर : काढताना माग ठेवू नकोस मग. फाइलवरची तारीखसुद्धा जुनी कर. त्यांची नजर तिखट आहे.

जावई : हं. आता कशी माझ्या वळणावर आलीस.

(चार दिवसांनी. मास्तर आपल्या टेबलाचे खण रिकामे करत आहेत.)

मास्तर : या, या, दोघेही आलात, बरं झालं. हा स्टेपलर कोणाचा? माझा नाही एवढं नक्की.

टेस्टर : मास्तर, चार दिवसांत तुमच्या नावावर एकही चूक नाही. मी रोज तपासलंय.

मास्तर : मीही तपासलंय. एक नाही.

टेस्टर : मग हे आवरताय कशाला? राजीनामा मागे घ्या ना! साहेब आत्ता फाडून टाकतील.

मास्तर : काल निघालोच होतो घ्यायला. म्हटलं, आधी डॉक्टरांच्या कानावर घालू. ते म्हणाले, असे चांगले दिवस मधूनच येतात, त्यांना भुलू नका. तपासण्यांत काही दिसलं नाही, तर म्हणाले, सुरुवातीला नाहीच दिसत. मग मीही विचार केला. दोन महिने चुकतोय आणि एकाएकी सगळं बरोबर? असं कुठे असतं का? जायचंच आहे तर चांगल्या दिवसांत जावं. लोकांनी काढण्याआधी.

जावई : डॉक्टरच म्हणतात म्हटल्यावर... तब्येत आधी, मास्तर.

मास्तर : खरंय. साहेबांना मी तुझं नाव सुचवलंय. बोललो असेन तुला टाकून, पण डोकं आहे तुझ्याकडे. माझ्या सेटिंगच्या फाइलची प्रतही तुझ्या मशीनवर टाकलीय. नीट वापर.

जावई : मास्तर, मी काय बोलू...

टेस्टर : तू नको बोलूस, मी बोलते. मास्तर, ते आम्ही केलं होतं. याने तुमच्या त्याच फाइलच्या तळाशी नऊ ओळी घातल्या होत्या. तुमच्या दुरुस्त्या त्या पुसायच्या. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुमच्या डोक्याला काहीही झालेलं नाही!

जावई : काय बोलतेयस तू हे?

मास्तर : थांब रे, बघू दे. तळाशी म्हणालीस ना? ही बघ शेवटची ओळ. मीच लिहिलेली. आणि तारीख गेल्या वर्षीची.

टेस्टर : काढल्या त्याने! मी काढायला लावल्या. तारीखही मीच बदलायला लावली. सांग ना रे मेल्या, तोंड उघड!

जावई : मास्तर, हिने तुमचं जाणं फार मनाला लावून घेतलंय. चार रात्री डोळ्याला डोळा नाही बिचारीच्या.

मास्तर : दिसतंय मला. बस तू. पाणी पी आधी.

टेस्टर : आईच्या गळ्याची शपथ, मास्तर!

मास्तर : अगं, आईची शपथ अशी खोटी घेऊ नये.

टेस्टर : खोटी नाहीये! का विश्वास ठेवत नाही तुम्ही?

मास्तर : वडिलांचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला की आमची आई म्हणायची, 'अहो, मीच ठेवला होता तिथे.' अशीच, डोळ्यांत पाणी आणून. त्यांना ते खरं वाटायचं. माझं अजून तेवढं पुढे गेलेलं नाही.