हेमलताबाईंच्या सहीखालचं औषध

मंडळी, एकही शब्द खोटा न बोलता माणसाला फसवलं, तर ते पाप की नाही? घाईनं माना हलवू नका. आधी ऐका.

देवरुखच्या हेमलताबाई वायंगणकर. बाळांसाठी नाचणीचं सत्त्व करायच्या, घरीच. गिऱ्हाईक सगळ्या नव्या आया. त्यांना बाई ई-मेलनं पत्र लिहायच्या — सत्त्व कसं शिजवावं, दात येताना बाळाला काय द्यावं. आया वाढल्या, एकेकीला लिहिणं होईना. तेवढ्यात एक कंपनी म्हणाली, सगळ्यांना एकदम पत्र पाठवून देऊ, पहिला महिना मोफत! मोफत म्हटलं की आपला हात कसा पुढे होतो? प्रसादाला होतो तसा! बाईंचाही झाला. खाली बारीक अक्षरांत अटी होत्या. नाही वाचल्या. तुम्ही वाचता?

एके दुपारी इचलकरंजीहून केतकीचा, त्यांतल्याच एका आईचा, फोन. "मावशी, बाळ डोळे उघडत नाहीये. दवाखान्यात आणलंय. तुम्ही सांगितलेलं झोपेचं औषध दिलं होतं."

"मी? मी कुठलं औषध सांगितलं?"

केतकीनं तिला आलेलं पत्र बाईंना पाठवलं. पत्र बाईंचंच. पण सहीच्या खाली एक चौकट, झोपेच्या औषधाची — बाळाला रात्रभर शांत झोप, आजच मागवा.

बाईंनी लगेच कंपनीला फोन लावला. पलीकडचा तरुण फार गोड बोलला. "मॅडम, मोफत महिन्यात आमच्या जाहिराती येतातच. अटींत लिहिलंय, तुम्ही मान्य केलंय."

"अहो, बाकीच्या आयांना सावध करायचंय. आत्ता."

"मोफत महिन्यात ठरलेली पत्रं संपलीत, मॅडम. पैसे भरा, लगेच जाईल."

बाईंनी घासाघीस केली नाही. पैसे भरले, सावध करणारं पत्र धाडलं आणि इचलकरंजीची एसटी धरली.

बाळ वाचलं, मंडळी. पण दवाखान्यात केतकीनं ते त्यांच्या हाती दिलं नाही. एवढंच म्हणाली, "तुमचं नाव होतं म्हणून ते औषध दिलं, मावशी."

बाईंनी सत्त्व करणं सोडलं. कंपनी चालू आहे.

आणि तो गोड बोलणारा तरुण? तुमच्याआमच्याच घरचा. पगारवाढ झाली की पेढे वाटतो आपण! पण संध्याकाळी दारात आल्यावर, "आज लोकांना काय सांगून आलास?" — हे त्याला कधी विचारलंत?