फलकावरचं ठिगळ

भंडारदऱ्याहून नगरला निघालेल्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारी आणि एक फोटोग्राफर बसले होते.

"चेतन, नगरच्या चौकात माझा घरायेवढा फोटो लावलाय. जावयानं मोबाईलवर दाखवला."

"कॅमेऱ्याची जाहिरात आहे, मावशी. नवीन आलाय, साडेतीन लाखांचा."

"माझ्या तोंडाखाली किंमत लिवलीय. गावात इचारत्यात, तुला त्यातलं किती मिळालं?"

"मी सांगायला येणारच होतो तुम्हाला."

"लुगड्याचं ठिगळ बी दिसतंय. टाका न् टाका मोजून घ्यावा."

"त्यांना तेच दाखवायचं होतं. कॅमेरा किती बारीक टिपतो, ते."

"भात लावताना तू फोटो काढाया लागलास, तवाच मी म्हनलं हुतं, थांब, चांगलं लुगडं नेसून येते. पोरीची सासू रोज त्याच चौकातून जाती रं."

"चुकलंच माझं."

"ह्ये बग, पिशवीत नवं लुगडं आनलंय. पुन्हा फोटो काढ आन् त्यो चौकातला बदल."

"तो कॅमेरा माझा नव्हता, मावशी. दुकानदारानं एका दिवसापुरता दिला होता. मला कुठला परवडतोय?"

"म्हंजे तू मागून आनलेला कॅमेरा गळ्यात घालून आलास, आन् मला माझं सवताचं चांगलं लुगडं बी नेसू दिलं न्हाईस."