परिपत्रकाची कोरी बाजू

माझ्या अक्षराचं कौतुक करायचं तर आमच्या अण्णांचं करा. एकोणीसशे साठच्या सुमाराला, कानडी मुलखात बसवनगुडीतल्या एका सरकारी ऑफिसात मी नवा कारकून होतो, नोकरीही टेंपररी. एकदा वरून परिपत्रक आलं: 'कागद वाया घालवू नका, दोन्ही बाजू वापरा.' आलं ते एकाच बाजूला छापलेलं, आणि आम्ही सहा जण असताना गठ्ठाभर! माझं डोकंच फिरलं. एका प्रतीच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'या उधळपट्टीचा जाब कोण देणार?' आणि सही न करताच ऑफिसच्या लिफाफ्यातून परत पाठवलं.

आठवड्याने मोठे साहेब स्वतः हजर. तो कागद नाचवत म्हणाले, "हे अक्षर कोणाचं?"

मी समोरच्या फायलीत तोंड खुपसलं. तेवढ्यात आमचे धारवाडचे हेडक्लार्क, अण्णा, उठून उभे राहिले. "माझं, सर."

अण्णांची बढती अडली. पुढचं परिपत्रक मात्र पाठपोट छापून आलं.

मी पाया पडायला वाकलो, तर अण्णांनी मला धरून उभं केलं. म्हणाले, "ते राहू दे रे. आधी अक्षर स्वल्प सुधार. बढती गेल्याचं काही नाही, पण ते 'माझं' म्हणताना फार लाज वाटली!"